चौरस फुटाचा भाव नंतर, आधी कामाची हद्द

या वेळी आलेली बहुतेक पत्रं बिमच्या कामाचा अंदाज आणि भाव या एकाच विषयावरची आहेत, म्हणून सदराची सगळी जागा त्यालाच देते आहे. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते: बिम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) म्हणजे इमारतीचं संगणकावर उभं केलेलं असं मॉडेल, ज्यात भिंत ही नुसती रेघ नसते; तिची जाडी, माल, मजला, आगीचा टिकाव ही सगळी माहिती तिच्यासोबत असते. बडोद्यात हे काम करणारी छोटी-मोठी ऑफिसं अलकापुरीपासून मकरपुऱ्यापर्यंत आहेत आणि त्यांत आपली मराठी मुलं-मुली पुष्कळ आहेत. मी अशाच एका ऑफिसात इस्टिमेशन, म्हणजे कामाच्या तासांचा आणि खर्चाचा अंदाज, बघते. कामाचा भाव चुकला की त्याची भरपाई ही मुलं रात्री जागून करतात, हे रोज डोळ्यांसमोर असतं. म्हणून उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत.

ताई, नोकरी सोडून मी आणि माझ्या मित्राने स्वतःचं ऑफिस सुरू केलं आहे. मुंबईच्या एका आर्किटेक्टकडून ८०,००० चौरस फुटांच्या हॉस्पिटलची चौकशी आली. आर्किटेक्चर, स्ट्रक्चर आणि सर्व्हिसेस (एसी, पाणी, वीज, आगीचे पाइप वगैरे), तिन्हीचं मॉडेल हवंय. "चौरस फुटाला किती घ्याल ते उद्यापर्यंत कळवा," असा निरोप आहे. काय भाव सांगावा?
(गोत्री, बडोदा)

उद्या भाव पाठवू नका, उद्या प्रश्न पाठवा. चांगला आर्किटेक्ट त्याने नाराज होत नाही, उलट समोरच्याला काम कळतंय अशी त्याची खात्री पटते.

ऑपरेशन थिएटरच्या वरची जागा डोळ्यांसमोर आणा. स्लॅब, त्याखाली बीम (तुळई), बीमखाली हवा आत आणणारा आणि परत नेणारा डक्ट, दोन्हींवर इन्सुलेशन. शेजारून स्प्रिंकलरचा पाइप, केबल ट्रे, ऑक्सिजन आणि व्हॅक्यूमच्या तांब्याच्या नळ्या, मग हवेतले बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरची पेटी आणि सगळ्यात खाली फॉल्स सीलिंग. हे सगळं पुष्कळदा जेमतेम मीटरभर उंचीत बसवायचं असतं. आता तेवढ्याच चौरस फुटांचं गोडाऊन घ्या: पत्र्याचं छप्पर, कॉलम, दिवे, आगीचा पाइप. क्षेत्रफळ सारखं, पण कामात जमीन-अस्मानाचा फरक. चौरस फुटाचा भाव हा फरक गिळून टाकतो आणि नेहमी मॉडेल करणाऱ्याच्या अंगावर येतो.

विचारायचं काय? आधी आत येणाऱ्या कागदांबद्दल. ड्रॉइंग कोणत्या टप्प्याची आहेत, कन्सेप्टची की टेंडरची? डीडब्ल्यूजी (संगणकावर बदलता येणाऱ्या ड्रॉइंगच्या) फायली मिळतील की नुसत्या पीडीएफ? डक्टच्या ड्रॉइंगवर मापं आणि उंची लिहिली आहे की एकेरी रेघ ओढून "कॉन्ट्रॅक्टरने ठरवावं" असं सोडलंय? एकेरी रेघ असेल तर तुमच्याकडून मॉडेलच्या नावाखाली डिझाइन करून घेतलं जाणार, आणि त्याचा भाव वेगळा असतो. मग बाहेर पडणाऱ्या गोष्टी: फक्त मॉडेल, की त्यातून काढलेली शीट्सही (छापायची ड्रॉइंग)? किती शीट्स? क्लॅश रिपोर्ट (घटक एकमेकांत घुसतात त्या जागांची यादी) किती वेळा? आणि तिसरं, जे जवळजवळ कुणीच विचारत नाही: दोन सर्व्हिसेस एकमेकींत घुसल्या तर कोण हटणार, हे कोण ठरवणार आणि किती दिवसांत? निर्णय पंधरा दिवस अडला तर तुमची माणसं बसून राहतात आणि पगार चालूच असतो.

उत्तरं आली की तासांत मोजा. ऑपरेशन थिएटरच्या मजल्याचा एक कोपरा आणि वॉर्डच्या दोन खोल्या खरोखर मॉडेल करून बघा, घड्याळ लावून. सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सोपी जागा हातात आली की मधल्या मजल्यांचा अंदाज बांधता येतो.

एक हिशेब मांडून दाखवते. आकडे समजावण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. आर्किटेक्चर २२० तास, स्ट्रक्चर ९०, सर्व्हिसेस ६२०, क्लॅश आणि समन्वय १६०, शीट्स ११०. बेरीज १,२००. त्यावर तपासणीचे १२ टक्के म्हणजे १४४ तास, मीटिंगा आणि पत्रव्यवहाराचे ८ टक्के म्हणजे ९६. झाले १,४४०. अनपेक्षित कामासाठी १० टक्के, आणखी १४४. एकूण १,५८४ तास.

आता तासाचा दर. मॉडेलरचा पगार महिना ४५,००० धरा. कागदावर महिन्याला २०० तास भरतात. रजा, शिकणं आणि वाट बघणं वजा केल्यावर बिल करता येतील असे १५० उरतात. म्हणजे पगाराचेच तासाला ३०० रुपये. सॉफ्टवेअर, संगणक, जागा, वीज मिळून खुर्चीमागे महिना २७,००० धरले तर आणखी १८०. झाले ४८०, आणि नफा २५ टक्के धरून ६००. १,५८४ तासांचे ९,५०,४०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी वेगळा. आता याला ८०,००० ने भागा: चौरस फुटाला साधारण १२ रुपये. आर्किटेक्टला हा आकडा खुशाल सांगा. पण तो हिशेबाच्या शेवटी निघालेला असावा.

नवीन ऑफिसं २०० तासांनीच भागतात. कागदावर भाव स्वस्त दिसतो, काम मिळतं, आणि सहा महिन्यांनी पगाराला पैसे कमी पडतात. तुम्ही दोघे स्वतः बसून काम करणार असलात तरी तुमचे तास पूर्ण दराने धरा. पुढे माणूस ठेवाल तेव्हा भाव एकदम वाढवता येत नाही.

आमची शिक्षणसंस्था तीन मजली शाळा बांधते आहे. आर्किटेक्टच्या सांगण्यावरून बिमची तीन कोटेशनं मागवली: अडीच लाख, चार लाख आणि नऊ लाख. इतका फरक कसा? आणि आम्हाला याची खरोखर गरज आहे का?
(रावपुरा, बडोदा)

तिघांनी तीन वेगवेगळ्या कामांचे भाव दिले आहेत, म्हणून फरक आहे. अडीच लाखवाल्याने बहुधा फक्त आर्किटेक्चर आणि स्ट्रक्चर धरलं असेल. नऊवाल्याने सर्व्हिसेस, शीट्स आणि बांधकाम संपल्यावरचं मॉडेलही. तुमच्या आर्किटेक्टकडून एक पानाची यादी करून घ्या: कोणते घटक, किती बारकाईने, कोणती शीट्स, किती दुरुस्त्या, कोणत्या तारखांना. तीच यादी तिघांना पाठवा आणि भाव पुन्हा मागवा. आत्ताची तिन्ही कोटेशनं तुलनेला निरुपयोगी आहेत, त्यातला सगळ्यात स्वस्त भाव उचलू नका.

गरजेबद्दल मनापासून सांगते. सेंट्रल एसी नसलेल्या तीन मजली शाळेत सर्व्हिसेस एकमेकींत अडकायला फारशा जागाच नाहीत. संस्थेचा पैसा देणगीदारांचा आहे. आर्किटेक्चर आणि स्ट्रक्चरचं मॉडेल घ्या, स्वच्छतागृहांच्या भागापुरतं प्लंबिंग घ्या आणि त्यातून निघणारी शीट्स छापून साइटवर पोचतील असं करारात लिहा. साइटवरचा सुपरवायझर मॉडेल उघडून बघणार नसेल तर त्याच्या हातात छापील कागदच लागतो. वाचलेले पैसे स्ट्रक्चरल ड्रॉइंगच्या तपासणीवर खर्च केलेत तर मला जास्त आनंद होईल.

अमेरिकेतल्या क्लायंटने संपूर्ण मॉडेल एलओडी ५०० मध्ये मागितलं आहे. आम्ही आजवर ३०० करत आलो. ५०० म्हणजे किती पट तास धरायचे?
(सुरत)

पट धरू नका, आधी त्यांना विचारा की त्यांच्या मनात काय आहे. एलओडी (लेव्हल ऑफ डेव्हलपमेंट) म्हणजे घटक किती खात्रीचा आहे त्याची पायरी. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने २००८ च्या ई२०२ या दस्तऐवजात १०० ते ५०० या पायऱ्या मांडल्या. बिमफोरम या अमेरिकेतल्या संघटनेने २०१३ पासून त्यांचं सविस्तर विवरण काढलं आणि मध्ये ३५० घातला. ३०० ला डक्टचं माप, आकार, जागा पक्की असते. ३५० ला त्याचे आधार, हँगर आणि इतर घटकांशी असलेली जोडणी येते. समन्वयासाठी हीच पायरी उपयोगी. ४०० वर फॅब्रिकेटर तो घटक कारखान्यात बनवू शकतो. आणि ५०० म्हणजे बांधून झालेली गोष्ट जागेवर जाऊन मोजून पडताळलेली. ती ४०० पेक्षा जास्त बारीक असते असं नाही. सुरतेत बसून अमेरिकेतली इमारत पडताळता येत नाही. तिथे कुणीतरी मोजायला हवं किंवा स्कॅन करायला हवं, आणि तो खर्च कुणाचा हे आधी ठरायला हवं.

दुसरं, एलओडी हा एकेका घटकाचा असतो, सबंध मॉडेलचा नसतो. मुख्य डक्ट ३५०, दरवाजे ३००, फर्निचर २०० असा तक्ता करून पाठवा, प्रत्येक ओळीपुढे कोण मॉडेल करणार तेही लिहा. बहुतेक वेळा क्लायंट असा तक्ता बघून ५०० चा आग्रह सोडतो, कारण त्याला हवी असते फक्त देखभालीसाठी यंत्रांची माहिती: पंपाचा मॉडेल नंबर, बसवल्याची तारीख, वॉरंटी. ती माहिती भरण्याचं काम आहे, तासांचा अंदाज निराळाच निघतो. आणि ती माहिती तुम्हाला पुरवणार कोण, हेही त्याच पत्रात विचारून टाका.

मांडवीजवळच्या एका जुन्या घराचं हॉटेल करायचं आहे. लाकडी खांब, नक्षीचे ब्रॅकेट, मधे चौक. लेझर स्कॅन करून मॉडेल करायचं म्हणतो आहोत. मी आर्किटेक्ट आहे, पण अशा कामाचा अंदाज कधी केलेला नाही.
(वाडी, बडोदा)

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. शहरातली अशी घरं एकेक करून जात आहेत, कुणीतरी ती मोजून ठेवतंय.

खर्चाचे दोन भाग करा: स्कॅन आणि मॉडेल. स्कॅनचा खर्च क्षेत्रफळापेक्षा खोल्यांच्या संख्येवर जातो. यंत्राला समोर दिसतं तेवढंच ते मोजतं, म्हणून प्रत्येक खोलीत, जिन्याच्या प्रत्येक वळणावर, माळ्यावर ते वेगळं मांडावं लागतं आणि नंतर सगळे स्कॅन एकमेकांशी जुळवावे लागतात. जुन्या घरात खोल्या लहान आणि पुष्कळ. भाडेकरूचं कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर मागची भिंत मिळत नाही. आरसे आणि काचा खोटे बिंदू देतात. स्कॅनच्या आधी घर रिकामं करण्याची जबाबदारी मालकाची, हे लिहून घ्या.

मॉडेलमध्ये खरा प्रश्न भिंतींचा आहे. समजा एक भिंत तीन मीटर उंचीत ६० मिलिमीटर बाहेर झुकली आहे, आणि पायाशी जाडी ४५० असून वर ती ३८० भरते. ती सरळ काढायची की आहे तशी? सरळ काढली तर थोड्या वेळात होते. आहे तशी काढायची तर तीच भिंत कितीतरी जास्त वेळ खाते, आणि तिच्यातली प्रत्येक खिडकी, प्रत्येक कोनाडा पुन्हा त्रास देतो. म्हणून कोटेशनच्या आधी एक आकडा ठरवा: मॉडेल स्कॅनच्या बिंदूंपासून जास्तीत जास्त किती दूर चालेल. उदाहरणार्थ २५ मिलिमीटर. त्याहून जास्त झुकलेल्या भिंती तेवढ्या वाकड्या काढायच्या, बाकी सरळ. तुम्हाला आधार द्यायचा, दुरुस्ती करायची त्या भिंतींना कडक आकडा लावा, मागच्या कोठीला सैल चालेल.

नक्षीच्या ब्रॅकेटचंही तसंच. एक ब्रॅकेट नीट काढा आणि बाकी ठिकाणी तोच बसवा, हाताने कोरलेले असल्याने ते एकमेकांसारखे तंतोतंत नसणारच. कोरीवकामाची खरी नोंद फोटो आणि मूळ पॉइंट क्लाउडमध्ये (स्कॅनने मोजलेल्या बिंदूंच्या संचात) राहते, म्हणून पॉइंट क्लाउडच्या फायली मालकाच्या नावावर सोपवा आणि साठवणुकीचा खर्च धरा. त्या अवाढव्य असतात. लाकडाच्या आतली कीड, भिंतीतला ओलावा स्कॅनमध्ये दिसत नाही. "अदृश्य भाग मॉडेलमध्ये नाहीत" ही ओळ पहिल्याच पानावर घाला, कारण हॉटेलचा इंजिनिअर पुढे त्याच मॉडेलवर विसंबणार आहे.

कोटेशनमध्ये "दुरुस्त्या समाविष्ट" लिहिलं होतं. आता क्लायंट थांबतच नाही. कितव्या बदलापासून पैसे मागावेत?
(वाघोडिया रोड, बडोदा)

बदलांची संख्या मोजू नका, बदलाचं कारण बघा. तुम्ही ड्रॉइंगप्रमाणे काढलं नसेल तर दुरुस्ती तुमची, कितीही वेळा झाली तरी फुकट. क्लायंटने ड्रॉइंग बदललं असेल तर पहिल्याच वेळेपासून ते जादा काम आहे.

क्लायंट म्हणतो, "शाफ्ट फक्त ४५० मिलिमीटर सरकवा." शाफ्ट म्हणजे पाइप खालीवर नेणारी उभी पोकळी; तिच्याबरोबर प्रत्येक मजल्यावरचं स्लॅबचं छिद्र सरकतं, सांडपाण्याच्या आडव्या पाइपची लांबी वाढते, लांबी वाढली की उतारामुळे पाइप खाली येतो, खाली आला की खालच्या डक्टला लागतो, आणि डक्ट हलवला की सीलिंगची उंची पुन्हा तपासावी लागते. क्लॅश पुन्हा चालवायचे, शीट्स पुन्हा काढायची. ही साखळी क्लायंटला दिसत नाही, तुम्ही ती लिहून दाखवली पाहिजे. रागावून नाही, शांतपणे, प्रत्येक पायरीचे तास समोर मांडून.

चालू कामात आता असं करा: आलेल्या प्रत्येक ड्रॉइंगचा नंबर, रिव्हिजन आणि तारीख एका रजिस्टरमध्ये नोंदवा आणि आठवड्याला क्लायंटला पाठवा. एक तारीख ठरवून मागा, त्यानंतर आलेलं रिव्हिजन जादा. बदलाचे तास आधी ई-मेलने मंजूर करून घ्या, मग हात लावा. आजवरचं काम सोडून द्यावं लागेल कदाचित, पण पुढचं तरी सावरेल.

मॉडेलमधून निघालेली क्वांटिटी थेट बीओक्यूत (कामांच्या मापांच्या यादीत) टाकली तर चालते ना? तसं असेल तर हा तपशील विकताना सांगता येईल.
(आणंद)

थेट टाकू नका. मॉडेल भूमितीप्रमाणे मोजतं, आपलं बिल आयएस १२०० या कामं मोजण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे मोजलं जातं. प्लास्टरचं बघा. या मानकात ०.५ चौरस मीटरपर्यंतचं उघडं क्षेत्र वजाच करत नाहीत, ०.५ ते ३ पर्यंत फक्त एका बाजूचं वजा करतात आणि खिडकीच्या आतल्या कडांचं प्लास्टर वेगळं धरत नाहीत. ३ च्या वर दोन्ही बाजू वजा आणि कडा अधिक. समजा खिडकी १.२ बाय १.५ मीटर, म्हणजे १.८ चौरस मीटर. मॉडेल दोन्ही बाजूंना प्रत्येकी १.८ वजा करून मोकळं होतं. अशा ६० खिडक्यांमागे १०८ चौरस मीटर प्लास्टर कमी दिसेल आणि कॉन्ट्रॅक्टर पहिल्याच बिलाला भांडेल, त्याचं बरोबरही असेल.

शिवाय कॉलम आर्किटेक्चरच्या फायलीतही आणि स्ट्रक्चरच्या फायलीतही असेल तर काँक्रीट दोनदा मोजलं जातं. सळई बहुतेक मॉडेलमध्ये काढलेलीच नसते, तिच्यासाठी बार बेंडिंग शेड्यूल (सळयांची मापं आणि वाकवण्याचा तक्ता) लागतं. म्हणून "क्वांटिटी" हे वेगळं काम म्हणून विका: मॉडेल तसं बांधण्याचे तास, नावं एकसारखी ठेवण्याचे तास, आणि आयएस १२०० प्रमाणे आकडे जुळवून घेण्याचे तास. ज्याने कधी साइटवर टेप धरली आहे अशा माणसाकडून शेवटचा तक्ता तपासून घ्या. त्याचा दर मॉडेलरपेक्षा जास्त लागेल, तो धरा.

मी एम. एस. युनिव्हर्सिटीत सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. इस्टिमेशन शिकायचं तर कोणतं सॉफ्टवेअर आधी?
(फतेगंज, बडोदा)

रेव्हिट (मॉडेल करायचं) आणि नेव्हिसवर्क्स (क्लॅश तपासायचं) ऑफिसात शिकायला मिळेल, त्याची घाई नको. सुट्टीत एखाद्या चालू साइटवर परवानगी काढून जा आणि सीलिंग बंद होण्याआधी वर काय काय आहे ते बघ. एका खोलीतले हँगर, वाकवलेले पाइप, डक्टचे सांधे मोज आणि ते बसवायला किती माणसं, किती वेळ लागला ते फिटरला विचार. तो सांगतो. नंतर तीच खोली मॉडेल कर आणि स्वतःचे तास लिहून ठेव.

क्लायंटकडे रेव्हिटचं जुनं व्हर्जन आहे, आमच्याकडे नवं. काही अडचण?
(भरूच)

मोठी. नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली रेव्हिटची फाइल जुन्यात उघडत नाही आणि मागे नेताही येत नाही. आयएफसी (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी सामाईक फाइल) काढून देता येते, पण ती बघायला आणि समन्वयाला ठीक. क्लायंटला तीत पुढे काम करणं जड जातं. त्यांच्याच व्हर्जनमध्ये काम सुरू करा आणि व्हर्जनचं वर्ष कोटेशनमध्ये लिहा. मध्येच कुणी अपग्रेड केलं तर त्याचे तास वेगळे.